हीटरमधली हळद

धम्मशीलाने गाडी घेतली ती आईसाठी. झरीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या आणि शाळेपासून चार घरं सोडून राहणाऱ्या बाईला एरवी चारचाकी काय करायची होती? पण जुलैत लक्ष्मीबाईंच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं आणि दर मंगळवारी, शुक्रवारी त्यांना परभणीला डायलिसिसला न्यायची वेळ आली. पाळी सकाळी सहाची. झरीहून परभणी वीस-बावीस किलोमीटर; पण त्या वेळेला एसटीचा भरवसा नाही, आणि काळीपिवळीत कोंबून परत येताना लक्ष्मीबाई दोनदा चक्कर येऊन पडल्या. दुसऱ्यांदा पडल्या त्या दिवशीच धम्मशीलाने ठरवलं, जुनी का होईना, गाडी घ्यायची.

तिचा नवरा सिद्धोधन पालमला कारकून होता. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा, शनिवारी संध्याकाळी एसटीने यायचा. तेव्हा गाडी चालवणार कोण, हाही प्रश्न होता. तो सोडवला धम्मानंदाने. धम्मानंद तिचा धाकटा भाऊ, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. चार वर्षं रिकामा फिरल्यावर गेल्या वर्षी तो परभणीत हरिओम नावाच्या बी-बियाणांच्या दुकानदाराकडे कामाला लागला होता. गोदाम सांभाळायचा आणि शेठची गाडीही चालवायचा. तिथेच दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या; जिना चढवत नाही म्हणून आई बहिणीकडे राहायची. याचं त्याला वाईट वाटायचं, निदान तो तसं म्हणायचा.

"ताई, शेठनं नवी गाडी घेतलीय. जुनी काढायलाय," ऑगस्टमध्ये एका रविवारी तो म्हणाला. "चांदीच्या रंगाची, पेट्रोलवरची. बारा वर्षांची हाय, पण लय जपलेली हाय. वर्षभर मीच चालवतोय, बरोबर हाय का न्हाई?"

'बरोबर हाय का न्हाई' हे त्याच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट होतं. लहानपणी त्यावरून त्याने मार खाल्ला होता, तरी ते सुटलं नव्हतं.

सिद्धोधन सावध माणूस. तो म्हणाला, "जिंतूर रोडला दत्तराव मेकॅनिक हायेत. एकदा त्यांना दाखवू, मंग घेऊ."

धम्मानंदाचा चेहरा उतरला. "दाजी, मंग मी कशाला हाय?"

धम्मशीलालाही ते बरं वाटलं नाही. सख्खा भाऊ समोर असताना परक्याला बोलवायचं? ती नवऱ्याला म्हणाली, "राहू द्या. धम्माला कळतं की गाडीतलं."

पुढच्या खेपेला धम्मानंद गाडी घेऊन आला आणि त्याने बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी काढून फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली, तिच्यासमोर धरली. बॅटरी दाखवली, टायर दाखवले, एसी लावून दाखवला. मग बॉनेट आपटून हात झटकले.

"डोळे झाकून घे, ताई."

तिने घेतली. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी धम्मानंद परभणीहून यायचा आणि तिला गाडी शिकवायचा. चाळिशी ओलांडलेली बाई क्लच सोडताना घाबरायची, गाडी आचके देऊन बंद पडायची, रस्त्यावरची पोरं हसायची. धम्मानंद एकदाही चिडला नाही. "बंद पडली तर पडू दे. परत चालू कर. रस्ता कुठं पळून जायलाय?" असं म्हणत बसून राहायचा. सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी तिने आईला स्वतः गाडी चालवत दवाखान्यात नेलं. त्या दिवशी शाळेत आल्यावर तिने सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "माझ्या भावानं शिकवलं."

पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात परभणीची थंडी उतरली. इकडे उन्हाळा जसा जाळतो तशी थंडीही हाडात शिरते. पेपरात रोज पारा किती घसरला ते यायला लागलं: नऊ, आठ, सहा. पहाटे पाचला अंगणात गाडीच्या काचेवर दव थिजल्यासारखं असायचं. लक्ष्मीबाईंच्या अंगात रक्त आधीच कमी. दोन स्वेटर, शाल, त्यावर चादर, कानाला मफलर अशा त्या पुढच्या सीटवर बसायच्या. धम्मशीला हीटरचं बटण लाल टोकापर्यंत फिरवायची आणि पंखा मोठा करायची.

डॅशबोर्डच्या जाळीतून हवा जोरात यायची, पण ती कोमट. वाटेतली टाकळी ओलांडली, परभणीचे दिवे दिसायला लागले तरी कोमटच.

"माय, गरम येतंय का गं तुझ्याकडं?"

"येतंय की," लक्ष्मीबाई म्हणायच्या. "लय ऊब आली बाई. तू रस्त्याकडं बघ."

धम्मशीलाला वाटलं, आपल्या बाजूच्या जाळीचं काही असेल. आईला मिळतंय ना, मग झालं. तरी तिने एकदा धम्मानंदाला फोन केला.

"अगं जुनी गाडी हाय, ताई," तो म्हणाला. "हीटरला वेळ लागतोच. इंजिन तापायला पाहिजे, बरोबर हाय का न्हाई? आणि त्यासाठी गॅरेजला नको नेऊस. उगी हे गेलं, ते गेलं म्हणून लुटतेत. दोन महिन्यांची थंडी, निघून जाईल."

तिला पटलं. परभणीत हीटरचं कौतुक ते किती दिवसांचं?

त्यानंतरच्या शुक्रवारी डायलिसिस संपवून लक्ष्मीबाईंना बाहेर आणलं तेव्हा त्यांना हुडहुडी भरली होती. दात एकमेकांवर आपटत होते. सोबत आलेल्या नर्सबाईने त्यांचे तळवे हातात धरून चोळले आणि धम्मशीलाकडे वळून विचारलं, "येताना कशात आणता यांना? आज आल्या तेव्हाच बर्फासारख्या होत्या. मशीनवर अजून गार पडतात. गरम ठेवत जा हो, बाई."

"गाडीत आणते. हीटर लावून," धम्मशीला म्हणाली.

नर्सबाईने तिच्याकडे जरा विचित्रच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी बारा वाजता धम्मशीला गाडी घेऊन एकटीच निघाली आणि जिंतूर रोडवर दत्तरावांच्या पत्र्याच्या शेडपुढे थांबली. दत्तराव एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. साठीचे, किरकोळ अंगाचे, चष्म्याला दोरी बांधलेली. हात लावायच्या आधी विचारायची त्यांची सवय होती.

"हवा जोरात येती, पण गरम न्हाई, का हवाच कमी येती?"

"जोरात येते. कोमट येते."

"गाडी उभी असली की कोमट, आणि पळाली की गरम, असं काही?"

"न्हाई, काका. कायमच कोमट."

"तापमानाचा काटा कुठवर जातो?"

"मधोमध जातो."

"म्हणजे इंजिन तापायलंय," ते म्हणाले. "काटा खालीच राहिला असता तर आतला वॉल्व गेलाय म्हणलं असतं. इकडं लय लोक तो काढूनच टाकतेत, उन्हाळ्यात इंजिन उकळंल या भीतीनं."

त्यांनी बटण गार टोकापासून गरम टोकापर्यंत चार वेळा फिरवलं, डॅशबोर्डाखाली डोकं घालून आतली झडप हलते की नाही ते पाहिलं. हलत होती. मग गाडी गार होईपर्यंत थांबायला लावलं. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे त्यांनी तिला शाळेतल्या पोराला सांगावं तसं दोनदा सांगितलं. तासाभराने झाकण उघडलं. आतलं पाणी त्यांनी बोटावर घेतलं. हिरवं असायला हवं होतं. ते मातकट पिवळं होतं.

"हं," एवढंच म्हणाले.

मग गाडी चालू केली, काटा मधोमध येऊ दिला आणि तिला जवळ बोलावलं. इंजिनाच्या मागच्या भिंतीतून दोन रबरी पाईप आत जात होते.

"हे दोन बगा, बाई. इंजिनाचं गरम पाणी एकातून आत जातं, आतल्या जाळीत फिरतं आणि दुसऱ्यातून बाहेर येतं. त्या जाळीवरनं हवा गेली की ती गरम होती. एवढाच हीटर. दुसरं काही नसतंय त्याच्यात. आता हात लावा. जपून."

पहिल्या पाईपला बोट टेकवून तिने झटकन मागे घेतलं. दुसऱ्याला लावलं. तो जेमतेम कोमट होता.

"इकडनं गरम जायलंय आणि तिकडनं काही येईना. मधी कोंडलंय."

त्यांनी गाडी बंद केली, दोन्ही पाईप सोडले आणि एकाला नळाची नळी जोडून हळूहळू पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग दुसऱ्या टोकातून गुळण्या आल्यासारखं थोडं थोडं बाहेर पडायला लागलं: पिवळा, दाट, पिठल्यासारखा गाळ. दत्तरावांनी तो चिमटीत धरून चोळला, नाकाशी नेला आणि हात तिच्यापुढे केला.

"ओळखा."

वास जुना होता, तेलकट होता, पण घरातलाच होता.

"हळद?"

"हळद. रेडिएटर गळायला लागला की टाकतेत. पाण्यात फुगती आणि भेगा बुजवती. चार-दोन दिवसांचा इलाज. पण ती काय गळतीच्याच जागी जाऊन बसती का? सगळीकडं फिरती. हीटरच्या नळ्या बारीक, तिथं जाऊन घट्ट बसती. हिच्यात तर मूठ-दोन मूठ न्हाई, पाव किलो तरी रिचवलीय कुणीतरी." त्यांनी वाकून रेडिएटरची खालची कड बॅटरीच्या उजेडात पाहिली. "हे बगा, इथं सांधा सुटलाय. अजून ओल हाय. देवाची किरपा म्हणा, का हळदीची म्हणा, रस्त्यात उकळली न्हाई तुमची गाडी."

बोलता बोलता त्यांचा हात एक पाईप आवळून धरणाऱ्या लोखंडी पट्टीवर थांबला. जाड, रुंद पट्टी होती, छोट्या गाडीला न शोभणारी.

"ही माझी पट्टी हाय," ते म्हणाले. "एसटीच्या गाडीची. डेपोतनं निवृत्त झालो तवा डबाभर आणल्या होत्या. म्हणजे ही गाडी माझ्याकडं आलती." ते आठवत राहिले. "आलती बगा. पावसाळ्यात. बियाणाच्या दुकानाची. एक पोरगा घेऊन आला होता. म्या त्याला म्हणलं, रेडिएटर बदल, दुसरा इलाज न्हाई. तर म्हणला, टिकवायची कुठं हाय, गाडी बाहेर द्यायचीय. हळद टाकतो. म्या म्हणलं, नको बाबा, हीटर जाईल, घेणाऱ्याचं नुकसान. तर हसला."

"काय म्हणाला?" धम्मशीलाने विचारलं. 

"म्हणला, घेणारी घरचीच बाई हाय, ती कुठं बॉनेट उघडून बघतीय? परभणीत हीटर लागतो कुणाला, बरोबर हाय का न्हाई? सारखं तेच म्हणायचा. बरोबर हाय का न्हाई, बरोबर हाय का न्हाई. म्या म्हणलं, बरोबर न्हाई. पट्टी तेवढी बसवून दिली आणि घालवून दिला." दत्तरावांनी चष्मा वर सरकवला. "तुमाला कुणी दिली ही गाडी?"

"ओळखीतल्यांनी," ती म्हणाली.

दत्तरावांनी पाईप परत जोडले. रेडिएटर आणि हीटरची जाळी दोन्ही बदलावी लागतील, डॅशबोर्ड उतरवायचा म्हणून तीन-चार दिवस गाडी ठेवावी लागेल, तोवर पाण्यावर लक्ष ठेवा आणि काटा वर चढला की जागेवर थांबा, असं बजावलं. गाळाचा नमुना एका पाण्याच्या बाटलीत भरून तिच्या हातात दिला. "ज्यानं विकली त्याला दाखवा. न्हाईतर म्हणंल बाई खोटं बोलायलीय."

ती गाडीत बसली, पण किल्ली फिरवायला तिला बराच वेळ लागला. फसवणूक शेठची असती तर तिने आत्ताच्या आत्ता त्याच्या दुकानात जाऊन चार लोकांत त्याला सुनावलं असतं. शाळेत हेडमास्तरांनाही न भिणारी बाई ती. पण 'घरचीच बाई' हे शब्द तिला पुढे जाऊ देईनात. तीन आठवडे तो तिच्या शेजारच्या सीटवर बसून होता. तिने ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं तेव्हा हसला होता, पाठ थोपटली होती. तेव्हा त्याला माहीत होतं. तिने पेढे वाटले तेव्हाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी सिद्धोधन पालमहून आला. तिने त्याला सांगितलं.  'मी म्हणालो होतो' असं तो म्हणाला नाही, याबद्दल तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

"उद्या तो येईल तवा मी घरी थांबू का बाहेर जाऊ?" एवढंच त्याने विचारलं.

"बाहेर जा," ती म्हणाली. "तुमच्यासमोर तो आणखी खोटं बोलंल."

रविवारी दहाच्या सुमारास धम्मानंद आला. डॉक्टरांनी आईची फळं बंद केली होती म्हणून तो दर खेपेला मुरमुरे आणायचा, तसे आजही आणले होते. लक्ष्मीबाई अंगणात उन्हात बाजेवर बसल्या होत्या. त्याने त्यांच्या पायाला हात लावला, पिशवी मांडीवर ठेवली आणि बहिणीला हाक मारली, "ताई, चहा ठेव. लय गारठलोय."

धम्मशीलाने चहा आणला. कपाच्या शेजारी ती बाटली ठेवली.

"हे काय?"

"ओळख."

त्याने बाटली उचलली, उन्हात धरली, परत खाली ठेवली. झाकण उघडलं नाही.

"दत्तरावकडं गेली होतीस," तो म्हणाला.

ती कुणाकडे गेली होती हे तिने सांगितलंच नव्हतं. कुठेतरी तिच्या मनात अजून एक वेडी आशा होती की दत्तरावांची चूक झाली असेल, तसं बोलणारा दुसराही कुणी असेल. ती तिथेच संपली.

"म्या तुला म्हणलं होतं गॅरेजला जाऊ नको."

"कामून म्हणला होतास ते कळलं."

धम्मानंदाने चहाकडे पाहिलं. मग एकदम बोलायला लागला. "तुला काय सांगू, ताई. शेठला कुठनं तरी कळलं, तुला गाडी घ्यायचीय. म्हणला, आपलीच देऊन टाक. म्या म्हणलं रेडिएटर गळायलाय. तर म्हणला, बघ, तुला जमत असंल तर कर, न्हाईतर जमणारा माणूस ठेवतो. चार वर्षं बसून होतो मी. तुलाच माहीत हाय ना. लोकं तोंडावर इचारायचे, काय चाललंय म्हणून. हे काम गेलं असतं तर..."

"मला न्हाई म्हणायचं होतंस."

"शेठला न्हाई कसं म्हणू?"

"शेठला न्हाई. मला. 'ताई, ही नको, दुसरी बघू,' एवढं म्हणायचं. मी घेतली नसती. शेठला सांगायचं, बहिणीला रंग पसंत पडला न्हाई. कुणाचं काम जाणार होतं त्यानं?"

धम्मानंद कपाची कड बोटाने पुसत राहिला. हा मार्ग त्याला सुचलाच नव्हता, की सुचूनही शेठच्या मर्जीतून एवढंसं उतरायची त्याची तयारी नव्हती, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

"आणि 'घरचीच बाई हाय, ती कुठं बॉनेट उघडून बघतीय', हे बी शेठनंच बोलायला लावलं का?"

"तसं न्हाई गं. गॅरेजात माणूस काय बी बोलतो. चेष्टेत."

"गाडी माझ्यासाठी नव्हती, धम्मा. कुणासाठी होती?" तिचा आवाज चढला. "वीस किलोमीटर ती त्या गारठ्यात बसून जाते. परवा दवाखान्यात दात वाजत होते तिचे. तुझी माय हाय ना ती? का फक्त माझी?"

धम्मानंद उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण तोंडात रागच होता. कोपऱ्यात सापडलेला माणूस रागावतो तसा.

"सगळं माझ्याच डोक्यावर फोडू नको. मायला इचार. तिला ठाव हाय. पहिल्याच आठवड्यात म्या तिला सांगितलं होतं. मला ऱ्हावलं न्हाई म्हणून सांगितलं."

 धम्मशीलाने आईकडे पाहिलं. लक्ष्मीबाई मुरमुऱ्याच्या पिशवीची गाठ सोडत होत्या. गाठ सुटत नव्हती, तरी त्या मान वर करत नव्हत्या.

"माय?"

"जा रे तू," लक्ष्मीबाई मुलाला म्हणाल्या. "तुझी गाडी चुकंल."

तो गेला. चहा तसाच राहिला. धम्मशीला बाजेच्या कडेला बसली.  मग म्हणाली,

"ऊब आली म्हणायचीस. दर वेळेला."

"मंग काय म्हणू? गार लागायलंय म्हणले असते तर तू त्याच दिवशी मिस्तरीकडं गेली असतीस. मंग निघालंच असतं."

"निघालं असतं तर?"

"तर तू त्याच्याशी बोलली नसतीस. तुझा सोभाव मला ठाव न्हाई का? तुझा बाप असाच होता. एकदा तोडलं की तोडलं." लक्ष्मीबाईंनी शाल ओढून घेतली. "त्याला काम हाय, शीला, तवा तो माणसात हाय. तुझं बरं चाललंय. तुला नोकरी हाय, नवरा चांगला हाय. त्याचं काय हाय?"

"रस्त्यात गाडी उकळली असती म्हणजे? तू मशीनवरनं उठलेली, आणि मधीच रानात बंद पडली असती म्हणजे?"

"पडली न्हाई ना."

"माय, तू गारठत होतीस."

"गारठा मलाच लागत होता की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुला कुठं लागत होता? म्या म्हणलं, माझ्याच अंगावर निभावून नेऊ. दोन महिने तर हायेत."

 धम्मशीलाला ओरडायचं होतं की गारठा तुझ्या एकटीचा नव्हता. तुला ऊब मिळावी म्हणून मी अंधारात उठत होते, चाळिशीत गाडी शिकले, आणि तुम्ही दोघं मिळून माझ्याकडून नाटक करून घेत होतात. पण समोर बसलेल्या बाईच्या हातावर सुयांच्या जागी काळेनिळे डाग पडले होते. तिच्यावर ओरडता येत नव्हतं. म्हणून आतला राग कुठेच गेला नाही, तिथेच बसून राहिला.

भाऊ खोटं बोलला ते पोटासाठी, हे ती रडून, भांडून कधीतरी समजून घेऊ शकली असती. पण आईने निवड केली होती, आणि ती करताना लेकीचा विचारच केला नव्हता. 'तुझं बरं चाललंय.' ज्याचं बरं चाललंय त्याला फसवलं तर चालतं, असा हिशेब आईच्या मनात इतकी वर्षं होता का? धम्माच्या कॉलेजसाठी तिने आपलं बी.एड. दोन वर्षं पुढे ढकललं होतं, तेव्हाही होता का?

मंगळवारी पहाटे दोघी त्याच गाडीने निघाल्या. हीटर लावला तरी कोमटच येणार होतं, पण तिने लावला. लक्ष्मीबाईंना हुडहुडी भरली तशी त्या उघडपणे कुडकुडल्या. लपवायचं कारण आता उरलं नव्हतं. धम्मशीलाने एका हाताने चादर नीट केली आणि डोळे काट्यावर ठेवले. टाकळी आली, गेली. ऊब आली का, असं तिने विचारलं नाही.

शुक्रवारी परतल्यावर तिने गाडी दत्तरावांकडे सोडली. सोमवारी संध्याकाळी आणायला गेली तेव्हा त्यांनी काढलेली जुनी जाळी दाखवली. वीतभर लांबीचा, पातळ नळ्यांचा खोका. जवळजवळ सगळ्या नळ्यांची तोंडं पिवळी लिंपलेली. त्यांनी गाडी चालू केली, पाच मिनिटं थांबले आणि तिला डॅशबोर्डच्या जाळीसमोर हात धरायला सांगितलं. चुलीजवळ बसल्यासारखी झळ आली.

"आता फर्स्टक्लास," दत्तराव म्हणाले. "दाखवली का बाटली त्या माणसाला?"

"दाखवली."

"काय म्हणला?"

"मानलं त्यानं."

"मंग चांगला हाय म्हणायचा," दत्तराव म्हणाले. "मानणारे कमी असतेत."

तिने पैसे मोजून दिले आणि किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस झाल्यावर लक्ष्मीबाईंना धरून ती दवाखान्याबाहेर आली, तर फाटकाशी धम्मानंद उभा होता. हातात नवी लोकरी टोपी होती, आईसाठी. दुकानातून दोन तासांची सुट्टी काढून आलो, म्हणाला. आईच्या डोक्यावर त्याने स्वतः टोपी घातली, कान झाकले. मग गाडीकडे पाहत बहिणीला म्हणाला, "ताई, दे किल्ली. आज मी चालवतो. झरीला सोडतो आणि एसटीनं परत येतो."

धम्मशीलाने गाडीचं दार उघडून आईला बसवलं. दार लावलं. मग ती त्याच्याकडे वळली.

"तुमी कामून तसदी घेता?" ती म्हणाली. "आमी जातो."

जन्मापासून ज्याला तिने 'तू' म्हटलं, ज्याचं नाक पुसलं, शाळेत नाव घातलं, त्याला ती 'तुमी' म्हणाली. आवाज चढवला नाही. पालकसभेला आलेल्या एखाद्या माणसाशी बोलावं तसं बोलली. धम्मानंदाचा पुढे केलेला हात तसाच राहिला. चापट मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"ताई," तो म्हणाला. 

"तुमच्या दुकानाला उशीर होईल," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन गाडीत बसली.

जिंतूर रोडला लागेपर्यंत लक्ष्मीबाई आरशातून मागे बघत होत्या. गाडीत हळूहळू ऊब भरली. काचा आतून धुरकटल्या, मग साफ झाल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि ज्वारी हलत होती. टाकळीजवळ लक्ष्मीबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्याला 'तुमी' म्हणलीस तू."

"हं."

"लेकरू हाय गं ते."

"तुझं हाय," धम्मशीला म्हणाली.

"परत 'तू' कवा म्हणशील त्याला?"

तिने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. 'कधीच नाही' असं तोंडात आलं होतं, पण ते खरं आहे की नाही हे तिलाच माहीत नव्हतं, आणि या घरात आणखी एक खोटं तिला नको होतं.

"माहीत न्हाई, माय."

लक्ष्मीबाईंनी डोळे मिटले. थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "बंद कर आता ते. लय गरम व्हायलंय."

धम्मशीलाने गिअरवरचा डावा हात काढला आणि आईच्या मनगटाला लावला. मनगट गरम होतं. गळ्याला लावला, तिथेही घामाची ओल होती. आई या वेळी खरं बोलत होती. तिने बटण अर्ध्यावर आणलं. झरीचा फाटा येईपर्यंत तिने आणखी दोनदा हात लावून पाहिला.